तिसरा पेला : रुची, सवय आणि नकार

‘आवडत नाही, कारण अजून कळलेले नाही’ हे विधान समीक्षाव्यवहारात इतक्या वेळा आणि इतक्या परस्परविरोधी पक्षांकडून केले जाते, की त्यात दडलेली तार्किक अडचण सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. आवड हा कळण्याचा परिणाम आहे, असे हे विधान गृहीत धरते. म्हणजे जो नावड व्यक्त करतो, त्याचे अज्ञान त्याच्या नावडीनेच सिद्ध होते. ‘कळले, आणि तरीही आवडले नाही’ असे म्हणणाऱ्यासाठी ‘मग नीट कळले नसेल’ हे उत्तर तयारच असते. ज्या विधानाला खोटे ठरविणारा पुरावा कल्पनेतही संभवत नाही, ते विधान ज्ञानाचे नसून अधिकाराचे असते, अशी शंका घ्यावयास येथे जागा आहे. तरीही ते सर्वस्वी टाकून देता येत नाही. पहिल्या वाचनात दूर लोटणारी आणि दहाव्या वाचनात आपलीशी होणारी कविता असते, हे कोणत्याही गंभीर वाचकाला ठाऊक असते. प्रश्न आहे तो ह्या दोन वाचनांच्या दरम्यान नेमके काय घडते, हा.

ह्या युक्तिवादाचे सर्वांत निर्व्याज रूप कोणत्याही वाङ्मयीन वादात नव्हे, तर दक्षिण जर्मनीतील एका मद्यशाळेत आढळते. फ्रांकोनिया प्रांतातील बाम्बेर्ग हे रेग्नित्स नदीकाठचे लहानसे शहर. त्याचा जुना भाग १९९३ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. तेथील कॅथीड्रलच्या टेकडीच्या पायथ्याशी ‘श्लेंकेर्ला’ नावाची मद्यशाळा आहे. तिचा पहिला उल्लेख १४०५ मधला सांगितला जातो. एकाच कुटुंबाच्या ताब्यातील ही लहान ब्रुअरी स्वतःचे माल्ट स्वतः करते आणि मद्यशाळेत बिअर अजूनही लाकडी पिंपातून, वायूचा दाब न देता, उताराने पेल्यात उतरविली जाते. पेला अर्ध्या लिटरचा, बिअर गडद तपकिरी, फेस दाट. पहिला घोट घेण्याआधीच वास येतो तो धुराचा. अधिक नेमके सांगायचे तर धुरावर टांगून टिकविलेल्या मांसाचा. बाहेरून आलेला माणूस पेला खाली ठेवतो आणि त्याची नजर पेल्याखालच्या पुठ्ठ्याच्या चकतीवर जाते. तीवर त्याच्यासाठी मजकूर छापलेलाच असतो. त्याचा आशय असा, की पहिल्या घोटाला चव चमत्कारिक वाटली तरी थांबू नये. तहान काही कमी होणार नाही आणि आनंद मात्र वाढत जाईल. गावातील समजूत ह्याहून हिशेबी आहे. तिच्या मते ही बिअर आवडण्यास तीन पेले लागतात.

तीन पेल्यांचा हा सल्ला कोण देतो, हे विसरून चालणार नाही. तो विक्रेता देतो. पण म्हणून तो खोटा ठरत नाही. अभ्यासक्रमात कविता नेमणारा प्राध्यापकही तिच्या बाबतीत तटस्थ नसतोच.

धूर येतो कोठून, हे पाहणे येथे आवश्यक आहे. सातू भिजवून त्यांना मोड आणायचे आणि मोड ठरावीक मर्यादेपर्यंत वाढले की ते उष्णतेने वाळवून वाढ थांबवायची, ही माल्ट करण्याची मूळ रीत. ही उष्णता श्लेंकेर्लात बीच वृक्षाच्या लाकडाच्या जाळातून येते आणि जाळावरचा धूर दाण्यांच्या थरातून वर जातो. लाकडातील लिग्निन जळताना जे फिनॉलवर्गीय पदार्थ सुटतात, ते दाण्याला चिकटतात आणि पुढच्या सर्व प्रक्रियांतून तग धरून पेल्यापर्यंत पोचतात. ह्यात ‘खास’ असे काही योजलेले नव्हते. लाकडाच्या उघड्या जाळावर दाणे वाळविले जात होते तोवर धूर टाळणे अवघड होते. तो चवीचा भाग होता म्हणण्यापेक्षा चवीची पार्श्वभूमी होता असे म्हणणे योग्य. सतराव्या शतकापासून इंग्लंडमध्ये कोक वापरून, आणि पुढे गरम हवा नळ्यांतून खेळविणाऱ्या भट्ट्यांमुळे इतरत्रही, धूर दाण्यांपासून वेगळा काढता येऊ लागला. स्वच्छ माल्ट हा नियम झाला, आणि ज्या थोड्या ठिकाणी जुनी भट्टी राहिली तेथील बिअरला ‘धुराची बिअर’, म्हणजे ‘राउखबियर’, हे वेगळे नाव लाभले. सगळेच धुरकट होते तेव्हा धूर हे विशेषण असू शकत नव्हते. सोस्यूरने चिन्हाविषयी जे सांगितले, की त्याचे मूल्य त्याच्या अंगभूत गुणात नसून इतर चिन्हांपासूनच्या भेदात असते, त्याचा इतका इंद्रियगम्य दाखला क्वचितच सापडेल.

मराठी वाचकाला ह्यासाठी बाम्बेर्गपर्यंत जाण्याचेही कारण नाही. ‘धुरकट’ हा मराठीत चवीच्या दोषाचा शब्द आहे; ‘खमंग’ हा गुणाचा. दोन्हींच्या मुळाशी अग्नीच आहे, पण निवाडा शब्दातच होऊन गेलेला असतो. घरोघरी गॅस येईपर्यंत चुलीचा धूर हा दारिद्र्याचा आणि डोळ्यांच्या आगीचा विषय होता. तो घरातून गेल्यावर आज महामार्गावरच्या पाट्यांवर ‘चुलीवरचे मटण’, ‘चुलीवरची भाकरी’ अशी अक्षरे झळकतात. ज्या बाईने तीस वर्षे फुंकणीने चूल पेटविली, तिला ह्या पाटीतील रसिकता कितपत पटेल, हा प्रश्न सौंदर्यशास्त्राचा नाही असे म्हणून बाजूला सारता येईल. पण तो मागे राहतोच.

बाम्बेर्गचा एक संबंध तत्त्वज्ञानाच्या इतिहासाशीही आहे. हेगेलचा ‘फेनोमेनोलॉजी’ हा ग्रंथ १८०७ मध्ये ह्याच गावच्या प्रकाशकाने काढला आणि त्याच वर्षी हेगेल तेथे स्थानिक वृत्तपत्राचा संपादक म्हणून आला. १८०८ पर्यंत तो तेथे होता. त्या काळात त्याच्या पेल्यात काय होते ह्याची चर्चा येथे अप्रस्तुत आहे. पुढे बर्लिनमधील सौंदर्यशास्त्रावरील व्याख्यानांत त्याने चव, वास आणि स्पर्श ह्या तीन इंद्रियांना कलेच्या प्रांतातून बाहेर काढले, हे मात्र प्रस्तुत आहे. त्याचे कारण विचार करण्याजोगे आहे : दृष्टी आणि श्रवण वस्तूला तिच्या जागी स्वतंत्र राहू देतात, जीभ तिला विरघळवते, संपविते. चाखलेली वस्तू चाखण्यातच नाहीशी होते. कलाकृती मात्र पाहणाऱ्यानंतरही उरते, आणि म्हणूनच तिच्याविषयी दोघांना वाद घालता येतो.

कांटने हीच रेघ निराळ्या ठिकाणी ओढली होती. ‘निर्णयशक्तीची मीमांसा’ (१७९०) ह्या ग्रंथात त्याने सुखद आणि सुंदर ह्यांत भेद केला आणि सुखदाचे उदाहरण म्हणून कॅनरी बेटांवरचे मद्यच घेतले. हे मद्य सुखद आहे असे कुणी म्हटले आणि दुसऱ्याने ‘तुम्हाला सुखद आहे, असे म्हणा’ अशी दुरुस्ती सुचविली, तर पहिल्याने ती विनातक्रार मान्य करावी. सुंदराच्या बाबतीत मात्र अशी दुरुस्ती हास्यास्पद ठरेल. सुंदर म्हणणारा सर्वांच्या वतीने बोलतो. इतरांनी सहमत व्हावे अशी त्याची केवळ इच्छा नसते, तर मागणी असते. रा. भा. पाटणकरांच्या विवेचनामुळे ही मांडणी मराठी अभ्यासकांच्या परिचयाची आहे. तिच्या उजेडात श्लेंकेर्लाची चकती वाचली तर एक विसंगती दिसते. चकती सुखदाविषयी बोलते, पण मागणी करते ती सुंदराला शोभणारी. ‘तुम्हाला नाही ना आवडत, मग राहू द्या’ असे ती म्हणत नाही. थांबू नका, असे म्हणते. चवीच्या निर्णयात चुकण्याची शक्यता आहे, आणि म्हणून सुधारण्याचीही आहे, असे तिने गृहीत धरले आहे. पेल्यापुरते बोलायचे तर कांटपेक्षा ही चकती ह्यूमच्या बाजूची आहे.

ह्यूमने ‘रुचीच्या प्रमाणाविषयी’ (१७५७) ह्या निबंधात सेर्व्हान्तेसच्या कादंबरीतून सँचो पांझाच्या दोन नातलगांची गोष्ट उचलली. पिंपातील मद्य चाखून एकाने चामड्याचा पुसटसा वास सांगितला, दुसऱ्याने लोखंडाचा. दोघांचीही टर उडविली गेली. आणि पिंप रिकामे झाले तेव्हा तळाशी चामड्याची वादी बांधलेली जुनी किल्ली निघाली. संवेदनेची सूक्ष्मता म्हणजे काय, ह्याचे हे उदाहरण दोनशेहून अधिक वर्षे चर्चेत आहे. त्यावरचा नेहमीचा आक्षेपही सर्वज्ञात आहे : कवितेच्या तळाशी किल्ली नसते आणि पिंप रिकामे करून दाखविता येत नाही. पण ह्या आक्षेपातही एक गोष्ट न तपासता मान्य केलेली असते. ती अशी, की निदान मद्याच्या बाबतीत तरी ‘आत काय आहे’ ह्या प्रश्नाला तळाशी पडलेल्या वस्तूसारखे सरळ उत्तर असते.

श्लेंकेर्लाच्याच ‘हेलेस’ ह्या फिकट बिअरपाशी हे गृहीतक अडखळते. हेलेससाठी धुरावर वाळविलेले माल्ट वापरलेच जात नाही. घटकांची यादी पाहिली तर ती इतर कोणत्याही फिकट बिअरसारखी आहे. तरीही ती चाखणाऱ्याला धूर लागतो. मंद, शेवटाकडे येणारा, पण निश्चित. आता सँचोच्या नातलगांची गोष्ट उलटी घडते. चाखणारा म्हणतो ‘धूर’. शंकेखोर भट्टीवाल्याकडे चौकशी करतो आणि ‘ह्यात धुराचे माल्ट नाही’ असे उत्तर घेऊन विजयी मुद्रेने परततो. पिंपाच्या तळाशी किल्ली नाही. चाखणाऱ्याला भास झाला काय? नाही. हेलेस त्याच तांब्याच्या हंड्यांत शिजते ज्यांत बाकीच्या धुराच्या बिअर शिजतात, आणि तिला आंबविणारे यीस्ट धुराच्या बिअरमध्ये वाढलेले असते. धूर घटकांत नाही. तो भांड्यांत आणि किण्वात आहे, म्हणजे त्या घराच्या पूर्वापार व्यवहारात आहे.

जुन्या कायद्याच्या नजरेलाही हा धूर दिसत नाही, ही गोष्ट नोंदविण्याजोगी आहे. बाम्बेर्गच्या धर्मसत्ताधीशाने १४८९ मध्ये आणि बव्हेरियाच्या ड्यूकांनी १५१६ मध्ये बिअरच्या घटकांवर निर्बंध घातले. बव्हेरियाच्या नियमात सातू, हॉप्स आणि पाणी एवढेच आहे. धूर ही वस्तू नसून क्रिया असल्यामुळे ती यादीत यायचे कारणच नव्हते. शब्दांची यादी करून कवितेचा अर्थ सांगू पाहणाऱ्याची जी अडचण आनंदवर्धनाने दाखविली, तिच्याशी ह्याचे साम्य उघड आहे. ध्वनी कोणत्याही एका शब्दात सापडत नाही, म्हणून तो नाही असे ठरत नाही. मात्र हे साम्य फार ताणू नये. हेलेसमधील धुराचे कारण शेवटी दाखविता येते. हंडा आणि यीस्ट बोटाने दाखविण्याजोग्या वस्तू आहेत. म्हणजे चाखणाऱ्याचे विधान तपासण्यापलीकडचे नाही. ते तपासण्याची जागा तेवढी चुकली होती. समीक्षेतील पुष्कळ वाद ह्याच प्रकारचे असतात. ‘संहितेत हे कोठे आहे?’ असा प्रश्न विचारणारा आणि ‘मला जाणवते’ असे उत्तर देणारा, दोघेही पिंपाच्या तळाशीच पाहत असतात. ती कृती ज्या हंड्यात शिजली त्याकडे, म्हणजे तिच्या आधीच्या लेखनाकडे, बोलीकडे, त्या घराच्या सवयींकडे, दोघांपैकी कुणीच वळून पाहत नाही.

एवढे मान्य केले तरी तिसऱ्या पेल्याचा प्रश्न सुटत नाही. हेलेसमधील धूर ओळखणे हा संवेदनेचा प्रश्न आहे. मेर्त्सेन ह्या मुख्य बिअरमधला धूर आवडू लागणे हा मूल्याचा. पहिल्या आणि तिसऱ्या पेल्यादरम्यान काय घडते, ह्याची तीन तरी स्पष्टीकरणे देता येतात, आणि ती एकमेकांना मुळीच सोयीची नाहीत.

सर्वांत रोकडे स्पष्टीकरण दारूचे. मेर्त्सेनमध्ये अल्कोहोलचे प्रमाण ५.१ टक्के आहे. अर्ध्या लिटरचे तीन पेले म्हणजे सुमारे ७६ मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल पोटात जाते. ज्याच्याविषयी निर्णय द्यायचा ती वस्तूच निर्णय देणाऱ्याला बदलून टाकते. तिसऱ्या पेल्यानंतर बाकही मऊ लागू लागतो. न्यायाधीशाने एका पक्षाच्या घरी तीनदा जेवून निकाल द्यावा, तशी ही अवस्था. आणि भारावलेपणाने लिहिल्या गेलेल्या बऱ्याच समीक्षेची अवस्था ह्याहून फार वेगळी नसते.

दुसरे स्पष्टीकरण नुसत्या संपर्काचे. रॉबर्ट झायन्त्स ह्या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये असे दाखविले, की अर्थहीन शब्द किंवा अनोळखी चिन्हे माणसापुढे वारंवार आली तर ती त्याला अधिक बरी वाटू लागतात. त्यांत कळण्यासारखे काही नसते. तरी आवड वाढते. ‘कळले म्हणून आवडले’ ह्या समीकरणाला हा मोठाच धक्का आहे. एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने दोन वर्षे एकाच कवीचा अभ्यास केला आणि शेवटी तो कवी त्याला थोर वाटू लागला, तर त्यातले किती श्रेय कवीचे आणि किती दोन वर्षांचे?

तिसरे स्पष्टीकरण नाकाचे, आणि ते सर्वांत अनपेक्षित. एकाच वासाला सतत सामोरे गेले की नाकाची त्या वासापुरती जाणीव बोथट होत जाते. श्लेंकेर्लात बसलेल्या माणसाला तिसऱ्या पेल्यापर्यंत धूर कमी लागू लागतो. तो कमी लागतो म्हणूनच त्याच्या मागे झाकलेल्या गोष्टी पुढे येतात : माल्टचा गोडवा, पावाच्या कडेसारखा भाजका स्वाद, हॉप्सचा कडवटपणा. आपण धूर चाखायला शिकलो, अशी त्या माणसाची समजूत असते. प्रत्यक्षात धुराकडे काही अंशी दुर्लक्ष करायला तो शिकलेला असतो, आणि त्या दुर्लक्षामुळेच बाकीचे त्याला दिसू लागलेले असते.

श्क्लोव्स्कीच्या १९१७ मधील प्रसिद्ध प्रतिपादनाच्या हे थेट विरुद्ध जाते. त्याच्या मते सवय जगण्याला गिळून टाकते आणि वस्तू पुन्हा अपरिचित करून दाखविणे हे कलेचे काम. बाम्बेर्गच्या पेल्यात मात्र अपरिचितता हाच पडदा आहे आणि सवय तो बाजूला करते. ज्ञानेश्वरी प्रथम उघडणाऱ्या आजच्या वाचकाची स्थिती अशीच असते. जुन्या मराठीची रूपे, प्रत्यय, अनोळखी क्रियापदे हाच त्याला सारा ग्रंथ वाटतो. ती डोळ्यांना सरावली, म्हणजे ती दिसेनाशी झाली, की मग दृष्टान्त दिसू लागतात. १९७८ मध्ये ‘बलुतं’ आले तेव्हा काही वाचकांना भाषेतील आणि अनुभवातील उग्रताच तेवढी जाणवली. उग्रता हा त्या पुस्तकाचा गुण आहे असे म्हणून त्यांचे समाधान करण्याचा प्रयत्न झाला; पण उग्रतेचीही वाचकाला सवय व्हावी लागते, तेव्हाच त्यामागची, आईच्या आणि वस्तीच्या चित्रणातील संयत बाजू त्याच्यापर्यंत पोचते. अपरिचितीकरणाचा सिद्धान्त ह्यामुळे खोटा ठरत नाही. फक्त, ज्याच्या ताटात तो पदार्थ रोजच होता त्या खाणाऱ्याला समोर ठेवून तो मांडलेला आहे, एवढे ध्यानात येते.

सरावाची अट भारतीय परंपरेनेही घातली आहे. सहृदय जन्मतःच सहृदय नसतो. अभिनवगुप्ताच्या मते काव्याच्या अनुशीलनाने त्याचे मन आरशासारखे स्वच्छ झालेले असते. ह्यूमच्या आदर्श समीक्षकालाही सराव, तुलना आणि पूर्वग्रहमुक्ती लागतेच. येथवर दोघे सोबत चालतात, पण चाखण्याची त्यांची प्रतिमा वेगळी आहे. ह्यूमचे तज्ज्ञ वेगळे काढतात : हे लोखंड, हे चामडे. संस्कृत आचार्यांना प्रिय असलेला पानकरसन्याय उलट दिशेने जातो : गूळ, मिरी इत्यादी एकत्र होऊन जे पेय बनते त्यात प्रत्येकाची चव निराळी उरत नाही, त्या सर्वांहून वेगळाच एक रस अनुभवाला येतो. तिसरा पेला ह्यांपैकी कोणाच्या बाजूचा? मद्यशाळेतला नेहमीचा माणूस बहुधा पानकाच्या बाजूचा असतो. त्याला धूर, माल्ट, हॉप्स असे काही वेगळे सांगता येत नाही आणि सांगावेसे वाटतही नाही; त्याच्या लेखी ती एकच चव आहे आणि तिचे नाव त्या मद्यशाळेचे नाव आहे. टिपणवही घेऊन आलेला परीक्षक ह्यूमच्या बाजूचा. दोघांत अधिक जाणता कोण, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही, आणि विद्यापीठांनी तो परीक्षकाच्या बाजूने परस्पर सोडवून टाकला आहे, हेही खरे.

सरावाच्या अटीत एक चक्रक दोष मात्र दोन्ही परंपरांना चिकटतो. कशाचा सराव करावा हे ठरविण्यासाठी आधी चांगले कोणते हे माहीत हवे. आणि चांगले कोणते हे ज्यांचा सराव झाला आहे त्यांनी सांगायचे. १९७९ मध्ये बोर्द्यूने फ्रान्सपुरते असे दाखविले, की सराव कोणाला परवडतो ह्यावर रुचीचा नकाशा पुष्कळसा बेतलेला असतो. तीन पेल्यांसाठी तीन पेल्यांचे पैसे लागतात आणि निवांत संध्याकाळही लागते. मराठीत हा मुद्दा बोर्द्यूची वाट पाहत थांबला नव्हता. दलित आणि अब्राह्मणी सौंदर्यविचाराने प्रस्थापित रसिकतेची मालकी कोणाकडे आहे, हा प्रश्न आपल्या भूमीवरून विचारला होता.

तेव्हा ‘नावडले, कारण कळले नाही’ हे विधान अधिकाराच्या कुंपणातून बाहेर काढायचे तर त्याला कसोटी हवी. ती आवडीत मिळणार नाही, कारण आवड दारूने, संपर्काने किंवा वर्गाच्या दडपणानेही निर्माण होते. ती नकारात शोधली पाहिजे. श्लेंकेर्लात तीन पेल्यांनी काही शिकविले असेल, तर शिकलेल्या माणसाला काही गोष्टी नापसंतही करता आल्या पाहिजेत. पिंप बराच वेळ उघडे राहून आतली बिअर शिळी पडली असेल, तिला ओल्या पुठ्ठ्यासारखी चव आली असेल, तर धुराच्या पडद्याआडूनही ती त्याला ओळखता यावी. हे सोपे नाही, कारण धूर दोषांनाही झाकतो. मेर्त्सेन आणि तिच्याहून जड ‘उरबोक’ ह्यांतील फरक त्याला नशेच्या मापाने नव्हे, तर चवीच्या बांधणीने सांगता यावा. ओक लाकडाच्या धुरावर वाळविलेल्या माल्टची नाताळातली बिअर आली की ‘धूर आहे’ एवढे म्हणून त्याचे भागू नये. हा निराळा धूर आहे आणि तो येथे शोभतो की नाही, हे त्याला म्हणता यावे. ज्याची रुची शिक्षणाने केवळ होकारांची संख्या वाढविते, त्याचे शिक्षण झालेले नाही, त्याची भरती झालेली आहे. दुर्बोधतेच्या वादात मर्ढेकरांची बाजू घेणाऱ्यांपैकी, मर्ढेकरांची अमुक कविता फसलेली आहे असे ज्यांना कारणासह म्हणता आले, त्यांचाच पक्ष खऱ्या अर्थाने वाचलेल्यांचा होता. बाकीचे चकती वाचून बसलेले.

ही कसोटी पुरेशी आहे असे मात्र समजू नये. मेर्त्सेनचे सारे बारकावे ओळखून, तिच्यातील चांगले पिंप आणि वाईट पिंप अचूक सांगून, एखादा शेवटी म्हणेल, की हे सर्व खरे आणि तरी ही चव मला नको. आता त्याला अज्ञानी म्हणता येत नाही, कारण ज्ञानाची प्रत्येक परीक्षा तो उत्तीर्ण झाला आहे. ‘कळले आणि तरी आवडले नाही’ हे वाक्य ह्या ठिकाणी प्रथमच अर्थपूर्ण होते; आणि ते अर्थपूर्ण होताच पहिल्या विधानातील ‘कारण’ हा शब्द गळून पडतो. कळणे हे आवडण्याचे पुरेसे कारण नव्हते; फार तर ते आवडीला आणि नावडीला सारखाच अधिकार देत होते.

ह्याहून वेगळा असा आणखी एक नकार आहे, आणि त्याची गाठ रुचीच्या चर्चेत पडतच नाही. जो पेल्याला हातच लावत नाही त्याचा. कांटने राजवाड्याच्या उदाहरणात ही जागा ओळखली होती : वाडा सुंदर आहे काय असे विचारल्यावर कुणी त्यासाठी आटविलेल्या रयतेच्या घामाविषयी बोलेल, ते बोलणे मान्य करता येईल, पण विचारलेला प्रश्न तो नव्हता, असे कांटचे म्हणणे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला ज्यांनी बाबासाहेबांच्या मागोमाग बावीस प्रतिज्ञा उच्चारल्या, त्यांत मद्य न पिण्याचीही प्रतिज्ञा होती. १९९३ मध्ये गडचिरोलीत जिल्हाभर दारूबंदी झाली तिच्यामागे लोकांची चळवळ होती, आणि गावोगावी मतदानात ‘आडवी बाटली’ निवडणाऱ्या बायकांना कोणत्याही पेल्याच्या शेवटाकडे रेंगाळणाऱ्या स्वादाशी कर्तव्य नव्हते. ह्या नकारांना ‘आधी तीन पेले घ्या, मग बोला’ असे सुनावणे केवळ उद्धटपणाचे नाही, ते तर्कदुष्टही आहे; कारण ते निवाडा देतात तो चवीवर नव्हे. मराठी काव्यशास्त्राची सारी परिभाषा आस्वाद, रुची, रस, चर्वणा अशी जिभेवरून आलेली, आणि मराठी समाजाच्या एका मोठ्या भागाने मद्याच्या प्रत्यक्ष आस्वादाला घातलेली नैतिक बंदी, ह्या दोन गोष्टी शेजारी शेजारी नांदल्या ह्यात विरोध नाही. पण ‘रसिक’ हा शब्द वापरताना आपण कुणाला आधीच बाहेर ठेवतो आहोत, ह्याची जाणीव त्या शेजारामुळे राहायला हवी होती; ती फारशी राहिली नाही. पाडव्याला कडुनिंबाचा पाला सगळेच चावतात आणि वर्षानुवर्षे चावूनही तो कुणाला आवडू लागत नाही. तेथे आवडण्याची अपेक्षाही नसते, आणि त्यामुळे कुणाचा अपमानही होत नाही.

बाम्बेर्गमध्ये धुराच्या बिअरची आणखी एक जुनी जागा आहे. नदीपलीकडची ‘श्पेत्सियाल’ ही ब्रुअरी १५३६ पासूनची. तीही स्वतःचे माल्ट स्वतः धुरावर वाळविते, पण तिचा धूर पुष्कळच सौम्य असतो. श्लेंकेर्लात तीन पेले संपवून, चकतीचा शब्द खरा मानून, एखादा पूल ओलांडून तेथे गेला आणि पहिल्या घोटानंतर ‘ह्यात धूर नाही’ असे म्हणाला, तर शेजारच्या बाकावरचा, चकती कधी न वाचलेला माणूस त्याच्याकडे आश्चर्याने पाहील. त्याला तर नुसता धूरच लागत असतो. त्या दोघांपैकी कुणाचे नाक ह्या क्षणी अधिक शिकलेले आहे, हे ठरविण्यासाठी दुसऱ्या दिवशी सकाळी, न पिता, दोघांनाही पुन्हा तेथे आणून बसवावे लागेल.